आसरांच्या पोथीचं पाणी

बा, तुझी पोथी मी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, तोंडाला सुतळी बांधून कपाटाच्या डोक्यावर ठेवली आहे. लाल फडकं तसंच आहे, म्हसा गावच्या जत्रेतल्या घोंगडीचा तू गुंडाळलेला तुकडाही तसाच आहे, त्याच्यावरून पिशव्या चढवल्या. तू असतास तर म्हणाला असतास, "गुदमरंल गो ती." गुदमरू दे. सध्या त्या कपाटाजवळून जाताना मी श्वास रोखून धरते, आणि पुढे गेल्यावर स्वतःवरच चिडते, कारण हीच पोथी तू गेल्यापासून दर श्रावणात मांडीवर घेऊन मी शहापूरहून सरळगावला आणि तिथून गाडी बदलून वैशाखऱ्याच्या अलीकडे आपल्या गावी नेत आले. कंडक्टर म्हणायचे, बाई, पिशवी वर ठेवा. मी म्हणायचे, देव आहे, डोक्यावर ठेवू की मांडीवर ते मी बघते. खिडकीतून वारा यायचा म्हणून तिच्यावर पदर टाकायचे आणि त्याच पदराने लेकीचं तोंड पुसायचे.

तू पायांवर घेऊन झुलवायचास ती माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. आत झोपली आहे, ऊन उतरलं की उठेल आणि चहा मागेल. तिची ही दुसरी खेप. पहिलं बाळ राहिलं नाही, तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं. त्या वेळी श्रावणात मी तिला पोथीचं पाणी दिलं होतं. ह्या श्रावणात पुन्हा दिवस गेलेले होते, तेव्हाही दिलं. उलट ह्या वेळी जास्तच मनापासून दिलं, फुलपात्र तिच्या ओठांना मी स्वतः लावलं. एवढं तू ध्यानात ठेव, कारण मी जे काही लिहिणार आहे ते सगळं त्याच्यावरून आहे.

मार्गशीर्षात पुण्याहून एक बाई आल्या. जुन्या छापील पोथ्या शोधत त्या गावोगाव फिरतात. लेकीने श्रावणातल्या पोथीवाचनाचे फोटो फोनवरून कुणाकुणाला पाठवले होते, ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचले. बाई दाराबाहेर चपला काढून आत आल्या, आधी हात धुतले, कोरडे केले आणि मग फडक्याची गाठ सोडली. मला त्या तिथेच आवडल्या. मला वाटलं होतं बघतील, फोटो काढतील आणि जातील. पण त्यांनी पहिलं पान उचललं, उजेडाकडे धरलं, उलटून पाठही बघितली. मग म्हणाल्या, ही शिळाछापाची आहे. दगडावर मजकूर उतरवून त्यावर कागद दाबून काढायचे, तशातली. मुंबईत तेव्हा लहान लहान छापखाने होते, थोड्या प्रती काढायचे, आणि काम झालं की तो दगड घासून त्यावर दुसरं काही उतरवायचे. म्हणजे आपली पोथी ज्या दगडावर होती तो केव्हाच कोरा झाला. ह्याच पोथीच्या आणखी काही प्रती बाईंनी पाहिल्या होत्या, पण एकही धड नव्हती. कुठे पाण्यातल्या सात आसरांपैकी चौघींचीच चित्रं उरलेली, कुठे पानांची चाळण, एका घरी तर नुसता चुरा फडक्यात बांधून पूजेला ठेवलेला. आणि आपल्या पोथीत सातही बहिणी नदीतल्या कोंडाच्या काठाला ओळीने उभ्या, लुगड्यांना कुणीतरी हाताने भरलेला तांबडा रंगसुद्धा शाबूत, एका पानाला सुईएवढं भोक नाही. "हिला कसर कशी लागली नाही?" बाईंनी विचारलं. "आणि मुळात ही तुमच्या घरी आली कुठून?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर तूच होतास. मी सांगत सुटले. असं कुणी तुझ्याबद्दल विचारत नाही रे आता.

तुझ्या फवारणीच्या नोकरीपासून सुरुवात केली. खाकी सदरा, तोंडाला फडकं, एकाने पंप मारायचा आणि दुसऱ्याने नळी धरून भिंती भिजवायच्या. हिवताप जावा म्हणून सरकारने तुम्हाला मुरबाड आणि शहापूरच्या वाड्यावाड्यांतून फिरवलं. तुम्ही येणार म्हटलं की घर रिकामं करावं लागायचं, भांडी, अंथरुणं, टोपल्या, देव्हाऱ्यातले देव, सगळं अंगणात. सगळ्या तालुक्याचे देव मी उन्हात बसलेले पाहिलेत, असं तू म्हणायचास आणि हसायचास. तुमची पाठ वळली की बाया चिडून भिंती पुन्हा शेणाने सारवायच्या, वास जावा म्हणून. मांजरं मरायची त्यावरून तुम्हाला शिव्या बसायच्या. मांजरांचं मी बाईंना सांगितलं नाही. तेव्हा आठवलंच नव्हतं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत एका म्हातारीने तुला अडवलं होतं. सगळी वाडी अंगणात येऊन बसली आणि ही आत, मांडीवर पोथी घेऊन. "मला फवार," म्हणाली, "पन हिला भायेर नाय काढायची." तू पंप खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसलास. पोथी होती तिच्या नवऱ्याची. त्याच्या बापाने कधीतरी घाट चढणाऱ्या एका मीठवाल्याला तापात आठवडाभर घरात ठेवून घेतलं होतं, तो जाताना ही देऊन गेला. त्या मीठवाल्याने ती कल्याणच्या बाजारात घेतली होती म्हणे. त्याच्या मागचं कुणाला ठाऊक नाही. वाडीत वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं आणि जमिनीतून वाळवी चढून पोथीच्या पेटीच्या बुडाशी आली होती. म्हातारी म्हणाली, "तुज्या औषदानं मच्छर मरतंय, ढेकून मरतंय, मंग वाळवी नाय मरनार?" तू म्हणालास, मरेल. "मंग घेऊन जा हिला. वाच आन जप. वाळवी लागू द्यायची नाय, येवडं कबूल कर." तू कबूल केलंस. निघताना तिने आणखी एक सांगितलं होतं, घरात पोटुशी बाई असली की हिचं पाणी द्यायचं, आसरा सांभाळतात. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती म्हातारी मला समोर दिसते, खरं तर तिला मी कधी पाहिलेलं नाही.

तू शब्दाला जागलास. नोकरी सुटल्यावरही पावडरीचा डबा माळ्यावर होता. दसऱ्याला, पाऊस उघडला की तू अंगणात गोणपाट टाकायचास आणि पोथी सोडायचास. मी पान उचलून धरायचं, तू जुन्या मलमलीच्या पुरचुंडीने त्याच्यावर पावडर थापटायची, मग दुसरं पान. पांढरी भुकटी उन्हात उडायची आणि तू मला तुझा रुमाल नाकावर बांधायचास, गाठ इतकी आवळून की कान दुखायचे. एकदा मी मध्येच उठून शेजारणीने दिलेला लाडू तसाच तोंडात घातला, तर तू माझ्यावर हात उगारलास. आयुष्यात एकदाच. "हात धू आदी," तू ओरडलास, आणि मला विहिरीवर नेऊन राखेने घासघासून हात धुतलेस. मी रुसून जेवले नाही. मला वाटलं होतं, सणाच्या दिवशी लाडवावरून का ओरडावं माणसाने.

हेच सगळं मी बाईंना अगदी ठसक्यात सांगत होते. म्हणून कसर लागली नाही, म्हणून एकाही पानाला भोक नाही, माझ्या बाने जपली. बाईंचा हात पानावर थांबला. "कसली पावडर?" मी म्हणाले, डीडीटी. त्यांनी पान अलगद खाली ठेवलं, शेजारचा चहाचा कप लांब सरकवला आणि म्हणाल्या, मला पुन्हा हात धुवायला हवेत. मोरीत उभ्या राहून त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला, मी टॉवेल घेऊन मागे उभी. त्या हळू आवाजात समजावत होत्या की जुन्या पुस्तकांत अशा पावडरी पुष्कळ ठिकाणी सापडतात, लोक प्रेमाने घालायचे, पण ही वर्षानुवर्षं जात नाही, पानांत बसून राहते, लहान मुलांच्या हाती पोथी देऊ नका. मी हसले. म्हणाले, मुलांच्या हाती कशाला देऊ, त्यांना आम्ही नुसतं पाणी देतो. "कसलं पाणी?" बाईंनी विचारलं. आणि मी सांगायला लागले, की समाप्तीच्या दिवशी तांब्यात पाणी घ्यायचं, शेवटच्या पानाचा कोपरा त्यात बुडवायचा... आणि तिथे माझं मलाच ऐकू आलं. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि आतून लेक विचारत होती, आई, पाहुण्यांना पोहे करू का.

बा, त्या दिवसापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करून बघते आहे. तू पावडर लावायचास अंगणात, दसऱ्याला. आई पाणी द्यायची स्वयंपाकघरात, श्रावणात. ओटीवर तुझं वाचन संपलं की पोथी फडक्यात बांधून तू आत द्यायचास आणि पुरुषांबरोबर गप्पा मारत बसायचास. आत काय होतं ते बायांचं, तू कधी उंबऱ्यात येऊन बघितलं नाहीस. तुझ्या डोळ्यांनी तू ते पान पाण्यात बुडताना पाहिलेलंच नाहीस, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंच आहे. आई अंगणात यायची नाही, दसऱ्याला तिला कडाकण्या आणि हजार कामं. पोथीला कसलं तरी औषध लावतात एवढंच तिला ठाऊक. औषध ते, त्याने काय वाईट होणार. मग दोन्हीकडे कोण होतं? मी होते. दसऱ्याला पान धरणारी मी आणि श्रावणात फुलपात्रं वाटणारी पण मीच. दोन्ही गोष्टी फक्त मला ठाऊक होत्या. इतकी वर्षं त्या माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या, आणि एकीचं दुसरीशी काही नातं असेल हे मला कधी सुचलं नाही. तेव्हा मी लहान होते हे कबूल. पण लेकीला पाणी दिलं तेव्हा लहान नव्हते.

बाईंनी चिमूटभर भुकटी कागदाच्या पुडीत नेली होती. नंतर त्यांचा फोन आला, तेच आहे म्हणून. मी लेकीला डॉक्टरांकडे नेलं आणि तिला बाहेर बसवून एकटीच आत गेले. डॉक्टर तरुण आहेत, ऐकून घेतात. म्हणाले, ती पावडर पाण्यात फारशी विरघळत नाही, घोटभर पाण्यात कितीशी जाणार, सोनोग्राफी उत्तम आहे, तुम्ही काळजी करू नका. मी विचारलं, पहिलं गेलं ते ह्याच्यामुळे असेल का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी विचारलं, ह्याच्यामुळे नाही, असं सांगता येतं का? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, तेही सांगता येत नाही, मावशी. बाहेर लेक मासिक चाळत बसली होती, बोटाला थुंकी लावून पानं उलटत होती. मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं. ती बघतच राहिली. तिला अजून मी काही सांगितलेलं नाही. पोटात बाळ असताना हे ओझं तिच्यावर कसं टाकू?

पाचावर धारण बसली की माणूस नको नको ते मोजायला लागतो. गावात कुणाची मुलं अशक्त निघाली, कुणाला उशिरा बोलता आलं, कुणाला झालंच नाही, सगळ्यांचे चेहरे मी आठवत बसते. मग लक्षात येतं की दणकट पोरंही तेच पाणी पिऊन वाढली, मी त्यातलीच. तेवढ्याने घटकाभर बरं वाटतं. आणि मग तुझे हात आठवतात. शेवटी शेवटी पोथी वाचताना ते इतके थरथरायचे की पान तू माझ्याकडून धरवून घ्यायचास. आम्ही म्हणायचो, वय झालं. तेव्हा तुझं वय काय होतं, बा? आज मी आहे त्याहून तू लहान होतास.

पौषात मी सिद्धगडाखालच्या त्या वाडीवर जाऊन आले. जावयाने मोटरसायकलवर नेलं. त्याला सांगितलं, पोथी कुणाकडून आली ते पुण्याच्या बाईंना लिहून द्यायचंय. तेही खोटं नव्हतं. म्हातारी केव्हाच गेली आहे, तिची सून आता स्वतःच म्हातारी झाली आहे. वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर गेलेली, ही दारात नातवाला उन्हात घेऊन बसलेली. पोथी म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "सात बायांची ना? औषदवाला घेऊन गेलता." तुला ती अजून औषधवालाच म्हणते. मी विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं द्यायचे? ती म्हणाली, "पानी भांड्यात घेवाचा, आंगनात ठेवाचा. ऊन पडला का पान वर धरवाचा, त्याची सावली पान्यात पडली का झाला. ती सावली पाजवाची." मी विचारलं, बुडवायचं नाही? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अचकट विचकट बोलले आहे. "कागूद हाय ना तो. पान्यात घातला तं ऱ्हाईल का? तिला पान्यापासून लांबच ठेवाची, सासू माजी वरडायची."

परतताना मोटरसायकलवर मला सगळं दिसलं. त्यांचं वाडीवरचं अंगण, ऊन पडेपर्यंत थांबणारी माणसं. आणि आपल्या घरचं स्वयंपाकघर, भर श्रावणात, बाहेर आभाळ गच्च, आत चुलीचा धूर आणि एक मिणमिणता दिवा. तू ओटीवरून ओरडून सांगितलं असशील, पान पाण्यावर धर गं. आईने धरलं असेल. सावली पडते कशाची त्या अंधारात? बाया ताटकळत उभ्या, पोरं रडताहेत, पाण्यात काही उतरलं असं तिला वाटलं नसेल, म्हणून तिने जरा कोपरा टेकवला. पुढच्या वर्षी पुन्हा टेकवला. मग तीच रीत झाली. एवढंच झालं असेल, बा. आईची तरी चूक कशी म्हणू? तिने पाणी रिकामं देऊ नये म्हणून केलं ते.

भावाला सांगितलं तर तो भडकलाच. ओटी त्याचीच, वाचन त्याच्याच घरी होतं, त्याला सांगणं भाग होतं. आधी तो हसला, मग त्याला कळलं की मी गावाला सांगायचं म्हणते आहे. "बाने गावाला जहर पाजला, असा सांगनार तू? चौकात उभी राहून?" मी म्हणाले, बाने नाही पाजलं, नुसतं पावडरीचं सांगते. तो म्हणाला, "लोका तसाच बोलतील. जिची पोरा गेली ती बाई माज्या दारात येल, तुज्या नाय. तू शहापुरात बसशील." त्याचं खरं आहे. गावात अशा बाया आहेत, तुलाही ठाऊक आहेत. एकीची दोन गेली, ती अजून दर श्रावणात पहिल्या रांगेत येऊन बसते, आता नातसुनेसाठी पाणी नेते. तिच्यासमोर मी काय बोलू? की डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही? शेवटी भाऊ खाली मान घालून म्हणाला, "सावलीचा सांग. जुनी रीत हाय, आपल्याकडून चुकली होती, आता सुधारू. पोथी काचेत ठेवू, बुडवाची नाय. येवडाच सांग." मी हो म्हणाले. गाव वाचेल आणि तुझं नावही वाचेल. पण त्या बाईला खरं कधीच कळणार नाही, आणि मी पुढच्या श्रावणात तिच्याकडे बघून फुलपात्र पुढे करणार. ह्या विचाराने मला जी भीती वाटते ती वेगळीच आहे, ती पोथीची नाही.

पुण्याच्या बाईंना पोथी न्यायची आहे. पावडर काढायची त्यांच्याकडे सोय आहे म्हणतात, पान न् पान साफ करून, पेटीत घालून, नोंद करून ठेवतील, हवी तेव्हा बघायला मिळेल, वाचनासाठी छायाप्रत देतील. वाडीवरच्या सुनेलाही मी विचारलं, पोथी मुळात तुमची, तुम्हाला परत हवी का? ती म्हणाली, "आमच्याकडं वाळवी हाय अजून." बाईंची एकच अट आहे, पोथीचा प्रवास लिहून द्या, छापखाना सोडून पुढचं, कुणाकडून कुणाकडे आली ते सगळं. अशी पोथी नुसती जुनी असून भागत नाही म्हणे, ती कुठून आली हे कळलं नाही तर ती मुकी. म्हणून मी कागद घेऊन बसले. सुरुवात मीठवाल्यापासून करायची होती, पण पहिलाच शब्द बा असा लिहिला गेला आणि मग हे असं झालं. म्हटलं, असू दे, हेच त्यांना देऊ, त्यातून त्यांना हवं ते त्या घेतील.

इथवर लिहून कागद तसेच पडून राहिले होते. मध्ये बाळ झालं. मुलगी आहे. इथल्याच दवाखान्यात झाली, लगेच रडली, वजन चांगलं आहे, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक. मी दोन्ही हात जोडले आणि ते माझ्याकडे बघून हसले. रोज सकाळी तिला दारात कोवळ्या उन्हात घेऊन बसते आणि बघते. मुठी उघडून बघते, पावलं बघते, डोळ्यांपुढे बोट फिरवून बघते. जरा दचकली तरी पुन्हा पहिल्यापासून बघते. लेक म्हणते, आई, किती बघशील, दृष्ट लागेल. मी म्हणते, तुझ्या आज्यावर गेली का ते बघते. ती दूध पिऊन झोपली की छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघते. हे कधी संपेल असं वाटत नाही. चालायला लागेल तेव्हा चालण्याची भीती असेल, बोलायला लागेल तेव्हा बोलण्याची.

पण हे कागद आता बाईंना देता येणार नाहीत. पोथीचा प्रवास मी त्यांना वेगळा लिहून देईन, नीट, मीठवाला, म्हातारी, तू आणि मी, एका पानात मावेल तेवढा. कारण कळा सुरू झाल्या त्या सकाळचं मी इथे लिहिणार आहे आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको. जावई रिक्षा आणायला धावला होता. लेक आत खाटेची दांडी धरून कण्हत होती. मी तिची पिशवी उचलायला हवी होती, शाल काढायला हवी होती. मी स्टूल घेतलं आणि पोथी खाली काढली. सुतळी दातांनी तोडली. शेवटचं पान हातात, फुलपात्रात पाणी, आणि अंगणात आले. ऊन लख्ख पडलं होतं. पान वर धरलं आणि त्याची सावली पाण्यात पडली, अगदी वाडीवरच्या बाईने सांगितली तशी, चौकोनी, स्वच्छ. मला सगळं ठाऊक होतं, बा. पावडर ठाऊक होती, डॉक्टर ठाऊक होते. आतून लेक "आई" म्हणून ओरडली आणि ती सावली म्हणजे काहीच नाही असं मला एकदम वाटलं. माझा हात खाली गेला. कोपरा भिजला.

मग भानावर आले. तिला ते देणं शक्य नव्हतं. पण ओतूनही टाकवेना, पोथीचं पाणी, आणि आत पोर कळा देतेय, अशा वेळी ते मातीत कसं ओतू. रिक्षाचा हॉर्न वाजला. मी ते फुलपात्र तोंडाला लावलं आणि सगळं पिऊन टाकलं, हात धुतले, पिशवी घेतली आणि तिला धरून निघाले. मला काही झालेलं नाही, अजून तरी. कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. पिताना मला धीर आला, बा.